पासबुक

बाजाराच्या दिवशी कुंभार पिंपळगावात बँकेपुढं रांग लागते, तिथं हे हमखास भेटतं. अंगावर प्लास्टिकची पिशवी, पिशवीला रबर, पोटात आधार कार्डाची चुरगळलेली झेरॉक्स. पहिल्या पानावर मालकिणीचा फोटो आहे, पण त्यात आता पदर तेवढा ओळखू येतो. घरी मुक्काम लोखंडी पेटीत, लुगड्यांच्या खाली.

हे श्रावणबाळ योजनेचं, म्हणजे म्हातारीच्या पगाराचं. वय 65 च्या पुढं, वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत, घनसावंगीच्या तहसिलीत हेलपाटे. एवढं झाल्यावर ते घरात आलं. महिना हजार मिळायचे, 2023 पासून दीड हजार. तेही दर महिन्याला पडतीलच असं नाही. योजनेला नाव श्रावणबाळाचं. या घरचा श्रावणबाळ चाकणला कंपनीत आहे. त्याला तरी काय बोल लावायचा? 2012-13 च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागा वाळून सरपणाला गेल्या, त्यानंतर कितीतरी पोरांनी अशीच गावं सोडली.

पासबुक मोठं बोलघेवडं. म्हातारी शाळा शिकलेली नाही. रांगेतल्या बाईपुढं ते उघडून विचारते, "बघ गं माय, पैसे पडले का?" पडलेले असतात. मग दारातल्या पोराकडून तोच आकडा वाचून घेते. जाता जाता किराणा दुकानात पुन्हा तेच पान. आकडा तिला पहिल्याच वेळी पाठ झालेला असतो. पण आकडा वाचणारा पाठोपाठ विचारतोच: गुडघा कसाय, सून बरी आहे का, लेकाचा फोन येतो का. योजनेच्या अर्जात उत्पन्न विचारतात. दिवसभरात बोलायला कोण आहे, हे विचारत नाहीत.

आता बँकमित्र अंगठ्याचं मशीन घेऊन ओसरीवर येतो. सोय मोठीच, गुडघ्यांना तर फारच. (खुरपं धरून रेषा झिजलेला अंगठा मशीन चारदा नाकारतं, ते सोडा.) मात्र पैसे हातात पडले तरी पासबुकात नोंद उमटत नाही; ती छापून आणायला बँकेतच जावं लागतं. म्हातारीनं हे बरोबर हेरलंय.

"मावशी, पैसे मिळाले ना? मग बुक छापून काय करणार?"

"असू दे लेकरा, बुक कोरं ठेवू का?" म्हणत ती चप्पल शोधायला लागते.