ब्रेकमधील हवा

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम आम्ही विज्ञानाच्या तासाला पाठ केला आहे. परंतु तो नियम हाताला कसा लागतो, हे मला आदिलाबादेतील आमच्या अंगणात, आजोबांच्या अँबॅसडरच्या चाकाशी बसल्यावर कळले.

गाडी १९७४ सालची. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने अँबॅसडर १९५७ पासून २०१४ पर्यंत बनविली; मूळ नमुना इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा. आजोबा ती विकावयास तयार नाहीत आणि बाबा ती घाटात न्यावयास तयार नव्हते. धाकट्या बहिणीचा अक्षराभ्यास बासरला सरस्वतीपुढे करावयाचा होता, आणि वाटेत निर्मलचा महबूब घाट. (२०१६ साली निर्मल जिल्हा वेगळा झाला, आमची वाट मात्र तीच राहिली.) नातीला आपल्याच गाडीतून न्यावे, हा आजोबांचा हट्ट.

चाकांच्या सिलिंडरांतील झिजलेली रबरे बदलली, तेव्हा नळ्यांत हवा शिरली. ब्रेक ऑइल दबत नाही, हवा दबते. म्हणून पायाचा जोर हवा दाबण्यातच खर्च होतो आणि पेडल लोण्यात रुतावे तसे खाली जाते. ती हवा काढावयास दोन माणसे लागतात. आजोबांचे गुडघे वाकत नाहीत. ते पेडलपाशी बसले, मी पाना घेऊन जमिनीवर. मुख्य सिलिंडरपासून सर्वांत दूरचे, म्हणजे मागचे डावे चाक प्रथम. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतील ऑइलात बुडविले.

“दाबले,” असे आजोबा म्हणत. मी निपल अर्धा फेरा सैल करी. बुडबुडे निघत, पेडल तळाला जाई. मी निपल आवळून “सोडा” म्हणेपर्यंत त्यांनी पाय उचलावयाचा नाही. नाही तर हवा पुनः आत ओढली जाते. ज्यांचा शब्द घरात कोणी मोडीत नाही, ते आजोबा त्या दुपारी माझ्या एका शब्दाची वाट पाहत पाय रोवून बसत होते. आजी मधून मधून टाकीत ऑइल ओतीत होती. टाकी रिकामी झाली की सारे आरंभापासून. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. ओलावा मुरलेले ऑइल घाटात तापले की त्यात वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच दबते. म्हणून डबा लगेच बंद करावयाचा, बाटलीतले काळपट ऑइल पुनः वापरावयाचे नाही. रंगावर थेंब सांडला तर रंग उठतो. आजीच्या हाती ओले फडके तयारच होते.

चौथ्या चाकानंतर पेडल टणक लागले. आजोबांनी दहा-बारा वेळा दाबून पाहिले. बोलले काहीच नाहीत.

सायंकाळी बाबांनी मोकळ्या रस्त्यावर गाडी हळू चालवून, पुनः पुनः थांबवून पाहिली. बॅटरीच्या उजेडात चारही चाकांमागे कोठे पाझर नाही ना, ते तपासले. मग म्हणाले, “घाट दुसऱ्या गिअरात उतरायचा, सारखा ब्रेक दाबून नाही. आणि गाडी मी चालवणार.”

आजोबांनी ते मान्य केले. मात्र बाबांच्या शेजारची जागा त्यांनी बासरपर्यंत कोणालाही दिली नाही.