बोटांवरचा तोल

रेडिओ नियंत्रित विमानप्रतिकृतीच्या पहिल्या उड्डाणाचा निकाल हवेत लागतो असा समज असला, तरी तो बहुतेक वेळा घरातल्या टेबलावरच लागलेला असतो, आणि तो लावणारी गोष्ट म्हणजे विमानाचा तोल. तोल म्हणजे येथे गुरुत्वमध्य, अर्थात विमानाचे सगळे वजन ज्या एका ठिकाणी एकवटले आहे असे मानता येते ते ठिकाण. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या रुंदीला कॉर्ड म्हणतात. नेहमीच्या, शेपटी मागे असलेल्या विमानात गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून कॉर्डच्या साधारण २५ ते ३३ टक्क्यांवर राखला जातो, म्हणजे पंख २० सेंटीमीटर रुंद असेल तर ५ ते साडेसहा सेंटीमीटरवर. दोन्ही पंखांखाली त्या रेषेवर एकेक बोट टेकवून विमान उचलले असता ते आडवे, किंवा नाक किंचित खाली करून, स्थिर राहिले पाहिजे. नाकाशी जड असलेले विमान आळशी उडते, उतरताना वेग मागते, पण बहुधा परत येते. शेपटीशी जड असलेल्या विमानाचे नाक वाऱ्याच्या लहानशा धक्क्याने वर गेले की ते आपोआप खाली येण्याऐवजी आणखी वर जात राहते, वेग मरतो, पंखांवरचा हवेचा प्रवाह तुटून उचल नाहीशी होते, ज्याला स्टॉल म्हणतात, आणि ज्याच्या हातात रिमोट असतो त्याला काय चुकले हे कळेपर्यंत विमान जमिनीवर आलेले असते.

हे शास्त्र सांगली जिल्ह्यातल्या तासगावातल्या मुलाला पुस्तकाआधीच भेटते, फक्त ते शास्त्र आहे हे त्याला ठाऊक नसते. वहीच्या शेवटच्या पानाचे विमान नाकाशी दोन घड्या जास्त घातल्याशिवाय वर्गाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचत नाही, आणि पतंगाची कन्नी बोटभर सरकली तरी तो गिरक्या घेऊ लागतो. १८७१ साली पॅरिसमध्ये आल्फाँस पेनो याने पिळलेल्या रबराच्या जोरावर उडणारी प्रतिकृती दाखवली, तिचे महत्त्वही ती उडाली यापेक्षा मागच्या शेपटीमुळे ती स्वतःहून सावरत होती यात अधिक होते. मराठी घरांत मात्र पेनोपेक्षा शिवकर बापूजी तळपदे यांची १८९५ ची चौपाटीवरील उड्डाणकथा अधिक ऐकू येते. तिच्याशी जोडल्या जाणाऱ्या वैमानिकशास्त्र या ग्रंथातील विमाने उडण्याजोगी नाहीत असा निष्कर्ष बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ सालीच काढला होता, तरी ती कथा अजून टिकून आहे.

प्रतिकृती बांधण्यासाठी दक्षिण अमेरिकेतील बाल्सा हे अतिशय हलके लाकूड उत्तम मानले जाते, परंतु ते महाग पडते आणि तालुक्याच्या गावी सहज मिळत नाही. तासगावात संस्थानच्या गणपतीचा रथ ऋषिपंचमीला, म्हणजे चतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी ओढला जातो, आणि घरोघरचे गणपती उठू लागले की माळ्यावर जाणाऱ्या मखरांतील थर्माकोल हेच प्रस्तुत लेखकाच्या पिढीतल्या हौशी मुलांचे बाल्सा होते. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, ते योग्यच झाले. आता फोमचे तक्ते मागवून घ्यावे लागतात एवढेच.

सांगाडा तयार झाल्यावर त्यात रिसीव्हर, म्हणजे रेडिओचा संदेश झेलणारा भाग, आणि सर्व्हो, म्हणजे त्या संदेशानुसार झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटारी बसतात. जुन्या संचांत प्रत्येकाची वारंवारता ठरलेली असे आणि एकाच वारंवारतेवर दोघांनी संच चालू केला तर विमान पडे, आजचे २.४ गिगाहर्ट्झचे संच आपापल्या जोडीदाराला ओळखत असल्यामुळे ती भीती फारशी उरलेली नाही. तपासणी मात्र उरते, आणि ती पंखा काढून ठेवूनच करावी, कारण विजेची मोटार चुकून सुरू झाली तर बोटांना माफी नसते. विमानाच्या मागे उभे राहून रिमोटची काठी उजवीकडे नेल्यावर उजव्या पंखाच्या मागच्या कडेवरील झडप, म्हणजे एलेरॉन, वर गेली पाहिजे आणि डावी खाली. समोर उभे राहून पाहणाऱ्याला हे उलटे वाटते, आणि अनेक नवी विमाने केवळ या एका गोंधळापायी पहिल्याच वळणावर गेलेली आहेत. त्यानंतर संचाची शक्ती कमी करून तीसेक पावले दूर जाऊन झडपा हलतात की नाही हे पाहायचे.

प्रस्तुत लेखकाच्या पहिल्या विमानाने या सगळ्या तपासण्या पार केल्या होत्या, आणि तरीही ते काही सेकंदच हवेत राहिले. तोल पाहिला होता तो बॅटरी बसवण्याआधी; मैदानावर घाईत ती दोन बोटे मागे सरकवून बसवली गेली. वरून मऊ हिरवी दिसणारी द्राक्षबाग आतून लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारांचा पिंजरा असते, हे विमान त्यात शिरल्यावर समजले, आणि बागायतदाराने ते काढून देण्याआधी किती मणी गळले ते शांतपणे मोजले.

जागेचा प्रश्न या भागात तसा कठीणच. सांगली रस्त्यावर कवलापूरला जुन्या विमानतळाची जागा आहे, तिथे पुन्हा विमानतळ व्हावा ही मागणीही जुनी आहे. पण हौशी माणसाला शेवटी पीक निघालेले एखादे मोकळे रान, सकाळचा मंद वारा आणि मालकाची परवानगी एवढ्यावरच भागवावे लागते. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार शिक्षणासाठी, प्रयोगासाठी वा छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवायचे, २५ किलोपर्यंतचे यान प्रतिकृती या वर्गात मोडते, आणि हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या, क्षेत्रातही उंचीची मर्यादा ४०० फुटांची आहे.

आता शेतांवर फवारणीचे ड्रोनही दिसू लागले आहेत. त्यांचा तोल आतला जायरो, म्हणजे कल ओळखणारा संवेदक, क्षणोक्षणी सावरतो, आणि हाच जायरो आता हौशी विमानांतही आल्यामुळे बोटांवर विमान उचलून पाहण्याची सवय मोडत चालली आहे. जायरो चुकीचा तोल झाकतो, दुरुस्त करत नाही. पहिल्या उड्डाणाला निघालेल्या वाचकाने म्हणून बॅटरी तिच्या जागी पट्ट्याने आवळून, पंखा बसवून, झाकण लावून मगच बोटांवर विमान धरावे. बॅटरीवाचून पाहिलेला तोल हा त्या विमानाचा तोल नव्हे.