झोत आणि गर्दी

संध्याकाळी साडेसहाला दादर स्टेशनच्या पुलावर फोन रेंज फुल दाखवतो, तरी यूपीआयचे पैसे जात नाहीत. नुसते चाक फिरत राहते. सिग्नल पोहोचलेला असतो, पण रेडिओ लहरींच्या एकाच पट्ट्यात हजारो फोन मावायचे असतात. यावर मुख्य उपाय दोन: पट्टा रुंद करा, नाहीतर तोच पट्टा शेजारीशेजारी पुन्हा वापरा. मिलिमीटर लहरींचे, म्हणजे काही मिलिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींचे, झोत ही दोन्ही कामे करतात. त्यांची जाहिरात वेगाची होते, पण त्यांचे मोल गर्दीत आहे, असे माझे ठाम मत आहे.

*

रुंदीचा हिशेब: 2022च्या लिलावात जिओने 3.3 गिगाहर्ट्झमध्ये 100 मेगाहर्ट्झ घेतले आणि मिलिमीटर लहरींच्या 26 गिगाहर्ट्झमध्ये 1000. दहापट. वरच्या मजल्यावर जागा बरीच रिकामी होती, कारण तिथे जायला मोबाइल कंपन्या धजत नव्हत्या.

*

शेजारच्या 28 गिगाहर्ट्झला लहरीची लांबी सुमारे 10.7 मिलिमीटर. दोन अँटेनांमध्ये अंतर ठेवायचे त्याच्या निम्मे. म्हणजे आठ रांगांत आठ-आठ अशा 64 अँटेना साडेचार सेंटिमीटरच्या चौकोनात बसतात, तळहाताच्या मध्यावर मावतील एवढ्या. प्रत्येकीला तोच संदेश द्यायचा, फक्त किंचित मागेपुढे. एक आवर्तन 36 पिकोसेकंदांचे, आणि उशीर करायचा तो त्याच्याही काही अंशाचा. ठरवलेल्या दिशेला सगळ्या लहरी एकमेकींत मिळतात आणि बळावतात, इतर दिशांना एकमेकींना बऱ्याच अंशी मारतात. झोत तयार. उशिराचे आकडे बदलले की झोत वळतो. मोटर नाही, हलणारा एकही भाग नाही. आणि दोन झोत दोन दिशांना गेले, की तोच पट्टा दोन माणसांना एकाच वेळी देता येतो. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

*

हे क्षेत्र आपल्याकडे नवे नाही. जगदीशचंद्र बोस यांनी 1894 ते 1896 या काळात कोलकात्यात मिलिमीटर लहरींवर प्रयोग केले. त्यांच्या लहरी 5 मिलिमीटरपर्यंत आखूड होत्या, म्हणजे 60 गिगाहर्ट्झ. 1897 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी आपली उपकरणे दाखवली, त्यांत लहरी गोळा करणारे नरसाळे होते. ध्रुवीकरणासाठी त्यांनी ब्रॅडशॉच्या रेल्वे वेळापत्रकाच्या पानांमध्ये कथलाचा वर्ख घातला होता. टेबलावरचे जाडजूड वेळापत्रक प्रयोगाला जुंपणाऱ्या या माणसाचे नाव 5जीच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात हवे.

*

भिंती. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या थिओडोर रॅपापोर्ट यांच्या गटाने शहरात 28 गिगाहर्ट्झची मोजमापे घेतली. इमारतीच्या बाहेरच्या रंगीत काचेने 40 डेसिबल खाल्ले, म्हणजे दहा हजारातला एकच भाग आत गेला. विटांच्या खांबाने 28 डेसिबल. साध्या काचेने चारहूनही कमी. पण त्याच इमारतींवरून परावर्तित होऊन लहरी कोपऱ्याआड पोहोचतात, हेही त्यांना दिसले. 2013 साली त्यांच्या निबंधाने ठणकावून सांगितले की या लहरींवर मोबाइल चालेल. टॉवर मात्र दोनेकशे मीटरवर हवेत.

*

पावसाचे काय, असा प्रश्न आपल्याकडे पहिला येतो. तासाला 100 मिलिमीटरच्या मुसळधार सरीत 28 गिगाहर्ट्झचा सिग्नल किलोमीटरमागे सुमारे 18 डेसिबल गमावतो. आकडा घाबरवतो, पण टॉवर दोनशे मीटरवर असेल तर घट साडेतीन डेसिबलची: शक्ती निम्म्याहून थोडी खाली येते. हा पाऊस झेपण्यासारखा आहे. खरा अडथळा रंगीत काच, झाडाचा पाला आणि माणूस.

*

माणूस म्हणजे अगदी आपला हात. अमेरिकेत विकलेल्या आयफोन 12च्या उजव्या कडेला, पॉवरच्या बटणाखाली, धातूत एक लांबट गोल खिडकी आहे. मिलिमीटर लहरी तिथून आत-बाहेर करतात. बोट त्यावर आले की वाट अडते. म्हणून असे अँटेनासंच फोनमध्ये एकाहून जास्त ठेवतात आणि झाकलेला सोडून दुसरा उचलतात.

*

टॉवरला तुमची दिशा कशी कळते? तो आळीपाळीने चहूकडे झोत फिरवत राहतो. 5जीच्या या पट्ट्यांत जास्तीत जास्त 64 दिशा, पाच मिलिसेकंदांच्या आत. फोन सांगतो, कोणता झोत बरा ऐकू आला. तुम्ही वळलात, पुढून बस गेली, की पुन्हा शोध.

*

दक्षिण कोरियाने 2018मध्ये तीन कंपन्यांना 28 गिगाहर्ट्झ दिले, प्रत्येकी 15,000 मोबाइल केंद्रांची अट घालून. अट पुरी झाली नाही. 2022च्या अखेरीस दोघींचे आणि 2023मध्ये तिसरीचे वाटप रद्द झाले. मला ती अटच चुकीची वाटते. सरकारने मोजावे ते ठिकाण: स्टेशन, स्टेडियम, बाजारपेठ, यात्रा. केंद्रांची नुसती बेरीज कुणाच्या उपयोगाची नाही. सेऊलच्या मेट्रोत डब्यांतल्या वायफायसाठी याच लहरी वापरून पाहिल्या होत्या, ते खरे त्यांचे ठिकाण.

*

आपल्याकडे 26 गिगाहर्ट्झचा बराचसा पट्टा 20 वर्षांसाठी विकला गेला आहे. पण इथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनमध्ये त्याची अँटेनाच नसते. नवा फोन घेताना खोक्यावरच्या 5जीवर थांबू नका. तांत्रिक माहितीत एन258, म्हणजे या पट्ट्याचे नाव, लिहिले आहे का, तेवढे दुकानदाराला विचारा. गिऱ्हाईक विचारू लागल्याशिवाय कंपन्या ती अँटेना बसवणार नाहीत.