कृष्णाकांठचीं प्रतिबिंबें

वाईस जाणारा प्रवासी बहुधा दोन गोष्टी पाहून परततो : ढोल्या गणपतीचें देऊळ आणि मेणवलीचा वाडा. वेळ उरलाच तर तो पांचगणीची वाट धरतो. परंतु या गांवीं पाहण्यासारखी तिसरीही एक गोष्ट आहे. तिला दार नाहीं, पुजारी नाहीं, आणि ती सदासर्वदा हजर असते असेंही नाहीं. घाटासमोरच्या पाण्यांत उलटी उभी असलेली दुसरी वाई ती हीच. हल्लीं मोबाईलच्या रूपानें प्रत्येकाच्या खिशांत छायाचित्रयंत्र आलें आहे, आणि घाटावर आलेली मंडळी त्या दुसऱ्या वाईचें चित्र घेतल्याखेरीज सहसा परतत नाहींत. तें चित्र चांगलें कसें घ्यावें, आणि तें घेतांना आपण नेमकें कशाचें चित्र घेत असतों, या दोन प्रश्नांचा विचार येथें करावयाचा आहे.

महाबळेश्वरच्या डोंगरांत उगम पावलेली कृष्णा धोमावरून खालीं येऊन वाईंतून पुढें जाते. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड या आळ्यांचे घाट तिच्या कांठीं आहेत, आणि कृष्णाबाईचा उत्सव या आळ्यांतून पाळीपाळीनें होतो. पेशवाईंत रास्त्यांच्या घराण्यानें येथें अनेक देवळें उभारलीं. त्यांपैकीं गणपती घाटावरील देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं इ.स. १७६२ मध्यें बांधलें. या देवळाची पाठीमागची भिंत सपाट नाहीं. ती माशाच्या अंगाप्रमाणें निमुळती आहे. पुराचें पाणी तिच्यावर आदळून दुभंगावें व देवळाच्या दोन्ही अंगांनीं निघून जावें, हा तिचा हेतु. बांधणाराच्या मनांतील नदी कशी होती, हें ती भिंत सांगते. ती आरशासारखी निवांत नव्हती. चाल करून येणाऱ्या सैन्यासारखी होती. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां शास्त्राचा भाग थोडक्यांत सांगतों. पाण्याकडे अगदीं सरळ वरून पाहिलें, तर त्यावर पडलेल्या प्रकाशाच्या शंभर भागांपैकीं अवघे दोन भाग परत येतात. बाकीचे पाण्यांत शिरतात; म्हणून आपणांस तळाचे खडे, शेवाळ व मासे दिसतात. नजर जसजशी तिरपी होते, तसतसा परत येणारा भाग वाढत जातो. दृष्टीनें पाण्याच्या पृष्ठभागाशीं ३० अंशांचा कोन केला तर तो शंभरांत सहाच्या आसपास असतो, १० अंशांवर सुमारें ३५ होतो, आणि ५ अंशांवर अर्ध्याहून अधिक होतो. यावरून छायाचित्रकारास पहिला धडा मिळतो : खालीं उतरावें. घाटाच्या माथ्यावरून जें पाणी हिरवट व गढूळ दिसतें, तेंच सर्वांत खालच्या पायरीवर उकिडवें बसून पाहिलें, म्हणजे त्यावर शिखर, कळस, पताका, इतकेंच काय, पण कळसावर बसलेला कावळाही उमटलेला दिसतो.

दुसरी गोष्ट याहून मौजेची आहे. पाण्यांतील देऊळ ही वरच्या देवळाची हुबेहूब नक्कल, केवळ उलटी केलेली, असें आपण समजतों. तें तसें नसतें. आपला डोळा पाण्याच्या जितका वर, तितकाच पाण्याच्या खालीं दुसरा एक डोळा आहे, अशी कल्पना करावी. त्या खालच्या डोळ्यास वरचें जग जसें दिसेल, तसेंच तें प्रतिबिंबांत दिसतें. खालून वर पाहणारास छज्जांच्या व कमानींच्या आंतल्या बाजू दिसतात, फांद्यांची पोटें दिसतात; पण घाटाच्या पायऱ्या मध्यें आल्यामुळें देवळाचा पाया दिसत नाहीं. म्हणून पुलावर उभें राहून पाहिलें तर वर संपूर्ण देऊळ दिसतें, आणि पाण्यांत मात्र पायऱ्यांच्या लगेच खालीं शिखर सुरू होतें. मधल्या भिंती गडप झालेल्या असतात. आपण जसजसें खालीं उतरतों, तसतसे हे दोन डोळे एकमेकांच्या जवळ येतात, आणि वरचें व खालचें देऊळ एकमेकांशीं जुळूं लागतें. घरीं गेल्यावर एखादें चित्र उलटें धरून पाहावें; वरचें कोणतें व खालचें कोणतें, हें या खुणेवरून मुलांनाही सहज ओळखतां येईल.

वेळ व ऋतु यांची निवड हा तिसरा धडा. श्रावण-भाद्रपदांत नदी मातकट असते, आणि उन्हांत तिची मातीच अधिक उजळून दिसते. कार्तिकांत पाणी निवळतें. तेव्हांपासून फाल्गुनापर्यंत पहाटेची पहिली घटका या कामास उत्तम, कारण जमीन तापून वारा सुटण्यापूर्वी खोऱ्यांतील हवा स्तब्ध असते. त्यांतही समोरच्या शिखरावर कोंवळें ऊन आलेलें आहे आणि मधलें पाणी अजून सांवलींतच आहे, अशी थोडीशी वेळ असते, ती साधावी. सांवलींतील पाण्यावर स्वतःचा उजेड नसल्यामुळें शिखराचें सोनें त्यावर पूर्णपणें उतरतें. त्रिपुरी पौर्णिमेच्या सायंकाळीं घाटावर दिवे लागतात, तेव्हां वाऱ्याची किंचित झुळूकही चित्रास बाधत नाहीं. उलट लाटांच्या उतारांवर प्रत्येक दिव्याची उभी सोनेरी रेघ लांबत जाते, आणि एका दिव्याच्या जागीं दीपमाळ दिसूं लागते.

यंत्राविषयींही दोन शब्द सांगणें जरूर आहे. प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर चिकटवलेलें नसतें. यंत्राची दृष्टि पाण्यावरील पानावर स्थिर केली, तर पान स्पष्ट येईल व देऊळ पुसट होईल. येथून पाण्यापर्यंत व पाण्यापासून देवळापर्यंत, अशा दोन्ही अंतरांच्या बेरजेइतकें दूर तें देऊळ आहे असें समजून दृष्टि लावावी. मोबाईलच्या पडद्यावर पाण्यांतील कळसावर बोट टेकलें, म्हणजे हें काम बहुधा साधतें. प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षां नेहमींच काळसर असतें. तें काळसरच राहूं द्यावें. त्यास उजळूं गेल्यास वरचें आकाश पांढरें फटक पडतें. कांहीं हौशी लोक यंत्रापुढें ध्रुवणाची फिरती कांच लावतात. पृष्ठभागाशीं सुमारें ३७ अंशांच्या कोनांतून पाहतांना ही कांच फिरवली, तर प्रतिबिंब जवळजवळ पुसलें जाऊन तळ दिसूं लागतो. म्हणजे एकाच जागीं उभें राहून, केवळ कांच फिरवून, आरसाही पाहतां येतो आणि आरशाच्या आंतही पाहतां येतें.

वाईपासून थोड्याच अंतरावर वरच्या अंगास मेणवली आहे. नाना फडणविसांचा वाडा तेथें अद्याप उभा आहे, आणि त्याच्या पाठीशीं घाट व मेणेश्वराचें देऊळ आहे. घाटावरील लहानशा घुमटींत एक मोठी घंटा टांगलेली आहे. तीवर इ.स. १७०७ हा आंकडा व बाळ येशूस घेतलेल्या मेरीची आकृति आहे. चिमाजीअप्पांनीं इ.स. १७३९ मध्यें वसई सर केली, त्या विजयाची ही खूण. खाडीकांठच्या किल्ल्यांतील ही घंटा डोंगराकडल्या या घाटावर येऊन विसावली आहे. पाणी स्थिर असेल तर घाटाच्या पायऱ्या वर व खालीं मिळून एक पुरी आकृति होते, आणि दगड कोठें संपला व पाणी कोठें लागलें हें क्षणभर कळत नाहीं. आणखी वर धोमास देवळाच्या आवारांत याच कल्पनेचा एक सुंदर नमुना आहे. कमळाकृति कुंडांत दगडी कासव, कासवाच्या पाठीवर नंदी. कुंड कोरडें असतांना तें केवळ चांगलें शिल्प दिसतें. पाणी भरलें म्हणजे कासव तरंगूं लागतें. तो शिल्पकार निम्मेंच काम दगडांत करून थांबला. उरलेलें त्यानें पाण्यावर सोंपवलें.

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही घरचीं पांच-सहा माणसें वाईस जाऊन आलों, आणि माझ्या पुतणीनें गणपती घाटाचें असेंच एक चित्र घेतलें. एक तरंग नव्हता. देऊळ जणूं कांचेवर ठेवलें होतें. पुण्यास परतल्यावर तिनें तें मोठें छापून आत्याबाईंच्या हातीं दिलें. आत्याबाईंचें सासर वाईचें, गंगापुरींतलें. आतां त्यांचें वय सत्त्याऐंशी आहे, आणि घाटाच्या पायऱ्या त्यांच्या गुडघ्यांस झेपत नाहींत. त्यांनीं चष्मा लावला, चित्र उजेडांत धरलें व पुष्कळ वेळ पाहिलें.

"सुरेख आलं आहे," त्या म्हणाल्या. "पण हें पाणी कां थांबलं आहे ग?"

"आत्याआजी, पाणी हललं असतं तर देऊळ दिसलंच नसतं."

"देऊळ वर आहे कीं! तें वर बघावं, आणि खालीं नदी बघावी. आम्ही पहाटे घागर बुडवायचो, तेव्हां ती हातांतून ओढ घ्यायची. दगडांवरून पाण्याचा आवाज यायचा. एवढं निवांत पाणी आम्हांला फक्त डोहांत ठाऊक, आणि तिथं मुलांना जाऊं देत नसत."

पुतणीनें यावर कांहींच उत्तर दिलें नाहीं. मलाही सुचलें नाहीं. पण तो प्रश्न मनांतून जाईना. आत्याबाई लग्न होऊन आल्या तेव्हां नदीवर धोमचें धरण नव्हतें. तें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत झालें. धरणाखालच्या नदीस किती पाणी मिळावें, हें तेव्हांपासून केवळ पाऊस ठरवीत नाहीं. दरवाजे व कालवेही ठरवतात. त्या पाण्यानें कोरड्या शेतांचे मळे झाले, आणि ज्या घरांत त्यामुळें अन्न आलें त्यांस धरणाचा राग कोणत्या तोंडानें सांगावा? तरीही घाटासमोरचें पाणी संथ होतें तेव्हां त्यांत केवळ शिखरच उतरत नाहीं. निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशव्या, साबणाचा फेंस, जें जें आपण नदींत टाकतों, तें वाहून न जातां तेथेंच राहतें. आणि जेथें सांडपाणी सतत मिसळतें, तेथें पुढें जलपर्णी पसरते. मग आरसाही जातो आणि नदीही दिसेनाशी होते. ढोल्या गणपतीच्या मागची ती माशाच्या आकाराची भिंत जिच्यासाठीं बांधली, ती नदी आणि या चित्रांतील कांच, या दोन्ही कृष्णाच. पण त्यांत अंतर पडलें आहे, आणि तें आत्याबाईंच्या डोळ्यांस एका दृष्टिक्षेपांत दिसलें.

म्हणून माझें मत असें झालें आहे कीं, प्रतिबिंबाचें चित्र हें देवळाचें चित्र जितकें, तितकेंच पाण्याचेंही चित्र असतें. वारा, माती, ओढ, सांवली, घाण, सगळ्यांची नोंद त्यांत आपोआप होते. देऊळ अडीचशे वर्षें तेंच आहे. खालचें देऊळ मात्र रोज वेगळें असतें, आणि तें वेगळें कां आहे हें विचारण्याची संवय लागली, तर हा छंद केवळ करमणुकीचा राहणार नाहीं.

तेव्हां वाईस जाणारांनीं पहाटे उठून खालच्या पायरीवर जरूर बसावें. स्नान करणाऱ्या व धुणें धुणाऱ्या मंडळींकडे यंत्र रोखूं नये; तो घाट प्रथम त्यांचा आहे, मग आपला. शेवाळलेल्या पायरीवर पाय जपून ठेवावा, आणि मुलांचा हात सोडूं नये. स्वच्छ प्रतिबिंबाचें एक चित्र घ्यावें. मग थोडें वर अगर खालीं चालत जाऊन, जेथें पाणी दगडांवरून वाहत असेल व ज्यांत कांहींच नीट उमटत नसेल, त्या जागेचेंही एक घ्यावें, आणि दोन्ही चित्रें घरांतल्या पुस्तकांत शेजारीं शेजारीं चिकटवून खालीं तिथि व साल लिहावें. आणखी वीस-पंचवीस वर्षांनीं घरांतील मुलें तें पान उघडतील, तेव्हां पहिल्या चित्रांत त्यांस देऊळ दिसेल. दुसऱ्या चित्रांतील पाणी त्या वेळींही वाहत असेल कीं नाहीं, हें बरेंचसें आपल्याच हातीं आहे.