व्रण दिसत नाही म्हणून

आमच्या गुरुजींनी मला सातवीत गणित शिकवले. आता ते रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घेण्यासाठी दरमहा माझ्या दवाखान्यात येतात. चार वर्षांपूर्वी त्यांच्या पोटातील महाधमनीला फुगा आढळला. पुरुषांमध्ये असा फुगा साडेपाच सेंटिमीटरपर्यंत पोहोचला, की तो फुटण्याच्या धोक्यामुळे शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. गुरुजींचा फुगा ५.८ सेंटिमीटरचा होता. पुण्यात जांघेतील रक्तवाहिनीतून कापडी आवरणाची स्टेंट-नळी वर नेऊन आत बसवण्यात आली. १९९० मध्ये अर्जेंटिनात डॉ. हुआन परोदी यांनी प्रथम केलेली ही पद्धत. पोट न उघडताच गुरुजी काही दिवसांत घरी परतले.

‘‘अरे, व्रणसुद्धा दिसत नाही. मी पूर्ण बरा झालो,’’ ते म्हणाले. मीही मान डोलावली. माझी चूक तिथेच झाली.

या उपचारात फुगा काढून टाकत नाहीत; रक्त नळीतून वाहते आणि फुगा बाजूला पडतो. परंतु नळीच्या टोकाशी फट पडली, नळी घसरली किंवा तिचे सांधे सुटले, तर रक्त पुन्हा फुग्यात शिरते. कमरेकडील लहान शाखांतून उलट येणारे रक्तही त्यात गळते. ही गळती पुष्कळदा आपोआप थांबते. फुगा वाढत नसेल तर तिच्यावर केवळ लक्ष ठेवतात. टोकाची किंवा सांध्याची गळती मात्र बंदच करावी लागते. नळीची पायाकडे जाणारी शाखा गुठळीने तुंबली, तर चालताना पोटरी दुखते किंवा पाय एकाएकी गार पडतो.

गळती बहुधा रुग्णाला जाणवत नाही. म्हणूनच पहिल्या महिन्यात सीटी स्कॅन आणि पुढे साधारणतः दरवर्षी सीटी किंवा डॉप्लर सोनोग्राफी करावी लागते, तीही आयुष्यभर.

गेल्या पावसाळ्यात विम्याच्या कामासाठी गुरुजींनी कागदांची पिशवी आणली, तेव्हा त्यांचे डिस्चार्ज कार्ड मी प्रथमच नीट वाचले. शेवटची तपासणी तीन वर्षांपूर्वीची होती. सोनोग्राफीत फुगा ६.९ सेंटिमीटर भरला. सीटीत वरच्या टोकाशी गळती दिसली. सुदैवाने जांघेतूनच आणखी एक आखूड नळी बसवून ती बंद करता आली.

‘‘गुरुजी, हे मी विचारायला हवे होते,’’ मी म्हणालो.

‘‘पाढे पाठ झाले म्हणून उजळणी सोडायची नसते, हे तुला मीच शिकवलं होतं. मीही विसरलोच की,’’ ते हसून म्हणाले. मला मात्र हसू आले नाही.

आपल्या घरात अशी नळी बसवलेले कोणी असेल, तर त्यांचे कार्ड हाताशी ठेवा आणि पुढील तपासणीची तारीख दिनदर्शिकेवर लिहा. पोटात वा पाठीत अचानक तीव्र वेदना झाल्या किंवा भोवळ आली, तर सकाळची वाट न पाहता थेट मोठे रुग्णालय गाठा. आणि तुमच्या डॉक्टरांनी तपासणीची आठवण केली नाही, तर ती तुम्ही त्यांना करून द्या. आम्हीही विसरतो.