उलटी गिटार

व्हिडिओ थांबवून मी पुन्हा पुन्हा म्हाताऱ्या एलिझाबेथ कॉटनचा अंगठा पाहत होते. गिटारवर अंगठ्यानं खर्ज धरायचा आणि बोटांनी चाल वाजवायची, ही रीत. हिच्या हातात सगळं उलटं. डावखुरी म्हणून तिनं गिटार फिरवून धरली, तारा मात्र जागच्या जागी. त्यामुळे खर्ज गेला बोटांकडे, चाल आली अंगठ्याकडे. मीही डावखुरी. टेबलाच्या कडेवर बोटं आपोआप हलायला लागली.

उत्तर कॅरोलायनातल्या कार्बरोची ही पोर. भाऊ कामावर गेला की त्याचा बँजो गुपचूप खाली घ्यायची. मग लोकांच्या घरी राबून पावणेचार डॉलरची स्वतःची गिटार घेतली. घराजवळून मालगाड्या जायच्या. ‘फ्रेट ट्रेन’ हे गाणं तिनं रचलं तेव्हा ती बारा वर्षांची असेल-नसेल. पुढे चर्चमधल्या लोकांनी ऐहिक गाणी सोडायला सांगितली. लग्न, लेक, धुणीभांडी. गिटार सुटली ती कित्येक दशकं.

वॉशिंग्टनच्या एका मोठ्या दुकानात ती कामाला होती. तिथं एक मुलगी आईपासून चुकली. हिनं तिला शोधून आईच्या हवाली केलं. आई म्हणजे संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर, मुलगी पेगी. त्या ओळखीतून सीगरांकडे स्वयंपाकाचं, इस्त्रीचं काम मिळालं. त्या घरात गाणं अष्टौप्रहर, भिंतीवर गिटार टांगलेली. किती दिवस तिच्याकडे नुसती बघत काम केलं असेल बाईनं? एके दिवशी घरात कुणी नाही असं पाहून तिनं ती उतरवली, आणि पेगीनं ऐकलं. इतक्या वर्षांनी बोटांना सगळं आठवत होतं, यानं मला अजून भरून येतं.

पेगीच्या भावानं, माइकनं, कॉटनच्या घरी जाऊन ध्वनिमुद्रण केलं. 1958 साली पहिली तबकडी निघाली तेव्हा तिनं साठी ओलांडली होती. त्याआधीच ‘फ्रेट ट्रेन’ इंग्लंडात दुसऱ्यांच्या नावावर गाजलं होतं. तिचं नाव लागायला झगडावं लागलं. हे वाचताना आजही संताप येतो. ग्रॅमी मिळालं 1985 मध्ये, नव्वदी गाठल्यावर.

मला मात्र ‘शेक शुगरी’ सर्वांत आवडतं. झोपायच्या वेळी पतवंडांनी एकेक कडवं जोडून केलेलं गाणं. तबकडीवर गिटार तिची, तीच उलटी, आवाज पणतीचा. पणती तेव्हा बारा वर्षांची होती.