गळाची काठी

वारणेच्या काठाला आमचं शेत. त्यामुळं औताची मूठ धरायच्या आधी मी गळ धरायला शिकलो. शिकवलं आमच्या थोरल्या चुलत्यांनी, आबांनी.

१९७२ चा दुष्काळ. मी बारा वर्षांचा होतो. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. घरात मिलोची लाल भाकरी. ती घशाखाली उतरायची तर कोरड्यास पाहिजे, आणि कोरड्यास म्हणजे आबांनी नदीवरून आणलेले मासे. नदी आटून डोह तेवढे राहिले होते आणि दोन डोहांच्या मधे गोट्यांवरून वाहणारी धार. सगळा गाव डोहावर गळ टाकून बसायचा. आबा धारेला उभे राहायचे. पाण्यातला गोटा उलटा केला की खाली चिकटलेले बारीक किडे दिसतात. धारेतला मासा तेच खातो, म्हणून आबा तेच गळाला लावायचे. वर शिशाचा बारका तुकडा. तरंगायला मोरपिसाची दांडी वगैरे काही नाही. गळ तळाला घासत पाण्याबरोबर जाऊ द्यायचा आणि खाली काय चाललंय ते काठीतून ओळखायचं.

एक दिवस आबांना ताप भरला. त्यांच्या काठीला हात लावायची सोय नव्हती. मी परड्यातला एक जाडजूड कळक तोडला. मोठ्या माशाला मोठी काठी, हा माझा हिशेब. घटकाभरात खांदा भरून आला. शेंडा इतका ताठ की खालचं काही कळंना. कसाबसा एक चांगला मासा लागला, मी जोर करून ओढला. कळक वाकला नाही, तंगूस तुटला. मासा गेला, त्याच्याबरोबर गळही गेला. रात्री सगळ्यांनी चटणीबरोबर मिलो खाल्ला. आई एका शब्दानं बोलली नाही, तेच जास्त लागलं.

आबा बरे झाल्यावर म्हणाले, "मासा वडतोय तवा काठीनं वाकायचं असतंय, बाळ्या. काठी वाकली न्हाई तर दोरा तुटणारच."

मग अवस जवळ आल्यावर मला डोंगराकडं चिवारीच्या बेटात घेऊन गेले. पावसाळ्यात तोडलेल्या काठीला भुंगा लागतो, म्हणून तोड दिवाळीनंतर. यंदाची काठी घ्यायची नाही, ती कोवळी असते, वाळली की सुरकुतते. फार जुनी कडकन मोडते. दोन-तीन पावसाळे खाल्लेली घ्यायची. चिवारी आतून भरीव, त्यामुळं बारीक असूनही दम धरते. लांबी आठ हात. काठी आखूड असली की मधला दोरा पाण्यात पडतो, वरचं पाणी त्याला ओढतं आणि गळ तळ सोडतो. लांब काठीनं दोरा पाण्याच्या वर धरता येतो. पण लांब म्हणून जड नको, दिवसभर हात उचललेला असतो.

शेवटची परीक्षा हाताची. बुडखा धरून काठी हलवायची आणि थांबायचं. शेंडा लगेच थांबला तर काठी चांगली. हात थांबल्यावरही शेंडा डुलत राहिला, तर माशाचं ओढणं कुठलं आणि काठीचं डुलणं कुठलं, हे कळत नाही. त्या दिवशी आबांनी मला नऊ काठ्या हलवायला लावल्या. नववी मीच निवडली. तिला निखाऱ्यावर शेकत, करडईचं तेल पुसत सरळ केली आणि चुलीवरच्या आढ्याला धुरात टांगली.

गेल्या महिन्यात नातू सांगलीहून फायबरची घडीची काठी घेऊन आला. मी बुडखा धरून हलवली. शेंडा डुलतच राहिला. म्हटलं, "डोहाला चालंल, धारेला नको." तो म्हणाला, "आजोबा, पण धार आहे कुठं?"

खरंच आहे. वर चांदोलीला धरण झालं, खाली जागोजाग बंधारे. पाणी तुंबून असतं, त्यात चिलापी मिळते. तरी एक जागा मला ठाऊक होती. रविवारी त्याला तिथं नेलं आणि गोटे उलटे करायला लावले. पहिल्या दोन्हींखाली नुसतं शेवाळ. तिसऱ्याखाली किडे होते.

घरी येऊन माझी काठी आढ्यावरून काढली. तिला आता मासा लावायचा धीर होत नाही. पण दिवाळी झाली की अवस धरून दोघं चिवारी बघायला जाणार आहोत. काठी तो निवडंल. मी नुसता बघत उभा राहीन.